पुराचा राडारोडा कुठे टाकायचा ते पावसाच्या आधी ठरवा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

1 एप्रिलपासून बांधकामाच्या राडारोड्याचे नवीन नियम लागू झाले. केंद्र सरकारने ते 2025 मध्येच काढले होते. 20 हजार चौरस मीटरच्या वरचं काम करणाऱ्या बिल्डरला आता आपला राडारोडा किती निघाला, कुठे गेला, त्यातला किती रिसायकल झाला याचा हिशोब द्यावा लागणार. चांगलंच आहे, आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांना हे आधीच व्हायला पाहिजे होतं असं वाटतंय. पण हे नियम कशाला लागू नाहीत तेही त्यातच दिलंय, आणि त्यात भूकंप, पूर, दरड, आग, वादळ यातून निघालेला राडारोडा आहे. म्हणजे पुण्यात एखादी जुनी सोसायटी पाडली तर विटेविटेचा हिशोब, आणि एका रात्रीत अख्ख्या बाजारपेठेचा राडा झाला तर त्या ढिगाला या नियमात जागाच नाही. मग तो ढीग कुठल्या नियमाने उचलायचा आणि कुठे टाकायचा? हे पत्र त्याच्यासाठीच लिहितोय.

मी कराडकडचा. जेसीबी, पोकलेन आणि डंपरचा आमचा धंदा आहे, एरवी रस्ते, पाझर तलाव, प्लॉट लेव्हलिंग असली कामं असतात. ऑगस्ट 2019 ला कोल्हापूर सांगलीचा महापूर आला तेव्हा पहिल्यांदा आपत्तीच्या कामात उतरलो, आणि मग जुलै 2021 ला कुंभार्ली घाट सुरू झाल्याझाल्या ट्रेलरवर मशिनी घालून खाली चिपळूण महाडच्या बाजूला गेलो. खाली लिहिलेलं कुठल्या गावात, कुठल्या कार्यालयात घडलं ते नाव घेऊन लिहीत नाही. कमी जास्त फरकाने सगळीकडे तेच बघितलंय, आणि मला कुणा एका साहेबाची तक्रार करायची नाहीये.

लोकांना वाटतं पूर म्हणजे पूर, सगळीकडे सारखाच. तसं नसतं. कृष्णा पंचगंगेचं पाणी चढतं हळू आणि बसतं आठ आठ दिवस. गाळ त्या मानाने कमी, पण आत जे काय असेल ते सडतं, दुकानातलं धान्य, गाद्या, कपडे, गोठ्यातली जनावरं. कोकणात उलटं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात रात्रीत आलं आणि एक दीड दिवसात गेलंही, पण जाताना डोंगराची लाल माती घरोघरी ठेवून गेलं. ती माती ओली असते तेव्हा बकेटमध्ये थांबत नाही, डंपरच्या फाळक्यातून अर्धी रस्त्यावर सांडते, आणि दोन दिवस कडक ऊन पडलं की अशी आवळते की फावडं लागत नाही. मध्ये जेमतेम एक दिवस असा मिळतो की ती धड उचलता येते. त्या एका दिवसात मशीन कुठे उभं आहे यावर पुढचा महिना ठरतो. आणि तो दिवस बहुतेक वेळा बैठकीत जातो, कारण डंपर कुठे रिकामा करायचा हेच ठरलेलं नसतं.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही मशिनी लावून उभे. साहेब म्हणाले सुरू करा. मी विचारलं, साहेब टाकायचं कुठे? ते म्हणाले आधी रस्ता मोकळा करा, जागेचं बघतो. दुपारी कुणीतरी फोनवर सांगितलं की नदीकडेला मोकळं पटांगण आहे, तिथे टाका. मी म्हटलं, साहेब लेखी द्या, आणि नदीतनं आलेलं परत नदीकडेला टाकायचं म्हणजे पुढच्या पुराची तयारी आपणच करतोय. लेखी काही आलं नाही. शेवटी बऱ्याच फोनाफोनीनंतर गावाबाहेर एका जुन्या खाणीची जागा मिळाली, पण तोपर्यंत संध्याकाळ झालेली. आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांच्या गाड्या जिथे वाट दिसेल तिथे गेलेल्या, कुणी खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, कुणी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, कुणी रस्त्याकडेच्या चरात.

त्या ड्रायव्हरांना दोष देऊन उपयोग नाही. खेपेवर दर दिला की गाडी सगळ्यात जवळच्या खड्ड्यात जाणार, हे आमच्या धंद्यातलं लहान पोरगंही सांगेल. तासावर दर दिला तर मशीन दिवसभर घरघरत उभं राहणार. ब्रासवर, म्हणजे घनफुटाच्या मापावर, दिला तर ओला गाळ मोजायचा कसा, त्यात निम्मं पाणीच असतं. एरवी सरकारी कामात लीड नावाची गोष्ट असते, माल किती किलोमीटर लांब नेला त्याप्रमाणे दर वाढतो, डीएसआर म्हणजे सरकारी दरपत्रकात त्याचे तक्ते छापलेले असतात. साधा रस्त्याचा मुरूम टाकताना लीड धरतात, मग पुराचा गाळ नेताना का धरत नाहीत? जागा ठरलेली नसते म्हणून लीड धरता येत नाही, आणि लीड नाही म्हणून लांबच्या जागेवर कोण न्यायला तयार होत नाही. इथेच सगळं अडकतं. जागा आधी ठरवली, जवळच्या वजनकाट्यावर गाडी भरलेली आणि रिकामी काट्याला लावली, पावती दिली आणि लीडसकट दर दिला तर एकही डंपर खाजणात जाणार नाही हे मी अनुभवावरून सांगतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ढिगात काय काय असतं ते. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो नुसता चिखल दिसतो. आत फ्रीज, टीव्ही, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, गॅसच्या टाक्या, मेडिकलमधली औषधं आणि सुया, गॅरेजमधलं ऑइल, सिमेंटचे पत्रे, फुटलेल्या काचा, आणि फुटलेल्या सेप्टिक टाक्यांचं पाणी, सगळं एकत्र. एका कृषी सेवा केंद्राच्या समोर आमचा ऑपरेटर ढीग भरत होता. बकेट वर घेतली तर खालून पांढरं दुधासारखं पाणी गळायला लागलं, गटारीच्या दिशेने पांढरी धार निघाली. शेजारचे म्हणाले दुधाच्या पिशव्या फुटल्या असतील. आमचा ऑपरेटर शेतकऱ्याचा पोरगा, ऊसावर, भाजीवर फवारणी केलेला, त्याने जागच्या जागी मशीन बंद केलं आणि सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं. ते कीटकनाशक होतं, त्यातली बरीच औषधं पाण्यात पडली की अशीच पांढरी होतात. त्या गटारीच्या तोंडावर आम्ही माती टाकून बंधारा घातला, डबे बाटल्या हाताने, म्हणजे हातमोजे घालून, वेगळ्या काढल्या आणि एका पत्र्याच्या पिंपात भरल्या. मग ते पिंप कुणी घेईना. आरोग्यवाले म्हणाले हे कृषीचं काम, कृषीवाले म्हणाले पालिकेचं, पालिकेतले म्हणाले प्रदूषणवाल्यांना विचारा. घातक कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लावायची सोय आपल्या राज्यात तळोजाला आहे, रांजणगावला आहे, त्याचे 2016 चे नियमही आहेत. पण त्या चिखलात उभं राहून एका पिंपासाठी कुठल्या साहेबाच्या सहीने गाडी मागवायची हे त्या दिवशी तिथल्या एकालाही सांगता आलं नाही. पिंप कितीतरी दिवस एका शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होतं, मी जाता येता बघून यायचो, कारण पोरं तिथे खेळायची.

आणि ते एक पिंप आम्ही वेगळं काढलं म्हणून दिसलं तरी. न दिसता गेलेले किती असतील?

एकदा सगळं मिसळलं की मिसळलं, मग ते कुणाच्या बापाला वेगळं करता येत नाही. पहिल्या दोन दिवसांत आजूबाजूचे शेतकरी स्वतः येऊन म्हणत होते, गाळ आम्हाला द्या, आमची माती वाहून गेलीय. नुसती लाल माती होती तोवर ते ट्रॉल्या घेऊन उभे होते, म्हणजे गावाचा निम्मा प्रश्न फुकटात सुटत होता आणि शेताचाही. पण त्याच ढिगावर वरून काचा, थर्माकोल, गाद्यांचा फोम येऊन पडला, एका शेतकऱ्याच्या पायात काच गेली, आणि दुसऱ्या दिवशीपासून गाळ घ्यायला कुणी आलं नाही. भंगारवाल्यांचंही तेच. लोखंड, पत्रा, फ्रीज हे वेगळं ठेवलं तर भंगारवाला पैसे देऊन नेतो, गाळात मिसळलेलं दिलं तर फुकट पण नेत नाही. वेगळे ढीग लावायला काय मोठी यंत्रणा लागत नाही हो. चौकाचौकात एक बाजू मातीची, एक लाकूड गाद्यांची, एक इलेक्ट्रिकच्या वस्तूंची, आणि औषधं विषारी माल फक्त एका ठिकाणी, पोलीस किंवा होमगार्डच्या नजरेखाली. लाउडस्पीकरवर रिक्षा फिरवून सांगायचं. लोक ऐकतात. लोकांनीच मला विचारलं होतं, हे कुठे ठेवू आणि ते कुठे ठेवू म्हणून.

आमच्या भाच्याने, तो सिव्हिल इंजिनियर आहे, मला जपानचं उदाहरण दाखवलं. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीनंतर तिथल्या हिगाशिमात्सुशिमा नावाच्या शहराने सगळा राडारोडा हाताने वेगळा केला, 19 प्रकार पाडले, गावातल्याच लोकांना, ज्यांचे धंदे बुडाले होते त्यांना, त्या कामावर रोजगार दिला आणि जवळजवळ 97 टक्के माल परत वापरात आणला. वाचून मला सगळ्यात जास्त भिडलं ते वेगळंच. त्या शहराने तिथल्या ठेकेदारांच्या संघटनेशी आपत्तीच्या आधीच करार करून ठेवला होता, आपत्तीनंतर काम कुणी करायचं ते लिहून ठेवलेलं. आपल्याकडे मी चिखलात उभा राहून साहेबाला विचारतोय की टाकू कुठे.

पंचनाम्याचंही लिहायला पाहिजे, कारण त्यावरून ऑपरेटर आणि लोकांची सगळ्यात जास्त भांडणं होतात. वरून आदेश असतो की तातडीने साफ करा, मंत्री येणारेत. आणि इकडे लोकांना भरपाई मिळायची तर नुकसान तलाठ्याला दिसलं पाहिजे, विमा असेल तर सर्व्हेअरला दिसलं पाहिजे. एक बाई दारातल्या कपाटाला धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, दादा, तलाठी येईपर्यंत हात नका लावू, माझ्याकडे दुसरा पुरावा नाही. आत त्यांची शिलाई मशीन, लोकांचे शिवायला आलेले कपडे, सगळं लाल झालेलं. मागे डंपरची लाइन लागलेली, साहेब फोनवर ओरडतायत. मी ऑपरेटरला पुढच्या घराकडे जायला सांगितलं, पण प्रत्येक गल्लीत हेच. याच्यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक मशीनबरोबर एक सरकारी माणूस द्या, उचलायच्या आधी घरमालकाला समोर उभं करून मोबाईलवर फोटो आणि व्हिडिओ घ्या, लोकेशन आणि वेळ त्यात येतेच, आणि तो पंचनाम्याला ग्राह्य धरला जाईल असं कलेक्टर साहेबांनी एका कागदावर काढून द्या. तो कागद पुरानंतर नाही, आधी.

कामगारांचं तर कुणी बघतच नाही. उंदरांच्या लघवीचं पाणी, त्यात पायाला जखम, म्हणजे लेप्टोला, उंदरांपासून होणाऱ्या तापाला, आमंत्रण. आरोग्य खात्याच्या लोकांनी तो होऊ नये म्हणून डॉक्सीच्या गोळ्या वाटल्या, त्यांचे आभार मानले पाहिजेत, दिवसरात्र फिरत होते. पण गमबूट, जाड हातमोजे, मास्क, धनुर्वाताचं इंजेक्शन हे एस्टिमेटमध्ये कुठल्याच आयटमखाली येत नाही. आम्ही आमच्या पैशाने गमबूट आणले, पण दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेले सफाई कामगार मी चपलांवर चिखलात बघितलेत. ठाणे, नवी मुंबई, कुठून कुठून महापालिकांची माणसं आली होती त्या वेळी. ज्यांनी आपल्या गावाची घाण काढली त्यांच्या पायात बूट असावेत ही काय फार मोठी मागणी नाहीये.

दरडीचं काम वेगळंच आहे, त्यावर मी फार लिहिणार नाही. त्याच 22 जुलैच्या पावसात महाडकडचं तळीये गाव दरडीखाली गेलं, आमच्या शेजारच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. तिथे मातीत माणसं असतात. एनडीआरएफची माणसं सांगतील तेवढीच बकेट, सांगतील तिथेच. ऑपरेटर रात्री जेवत नाहीत. 2023 ला इर्शाळवाडीत तर मशीन वर जायला रस्ताच नव्हता, सगळी माती हातांनी उपसली लोकांनी. अशा कामावरून आलेल्या पोरांशी कुणीतरी बसून बोललं पाहिजे, डॉक्टर म्हणा, समुपदेशक म्हणा, एवढंच सांगतो.

पैशाबद्दल. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा आहे. त्यातलं कलम 50 टेंडर न काढता तातडीने खरेदी करायची मुभा देतं, कलम 65 ने तर आमची मशिनी गाड्या ताब्यात घेता येतात, आणि 66 मध्ये त्याचा मोबदला द्यायचं लिहिलंय. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांतही राडारोडा हटवायचा खर्च धरलेला होता. म्हणजे कायदा आहे, निधीचं हेडही आहे. तरी बिल टाकल्यावर विचारतात, वर्क ऑर्डर कुठाय, तीन कोटेशन कुठायत, लॉगशीटवर या तारखेला सही का नाही. सही करणारा माणूस त्या रात्री स्वतःच्या घरातला चिखल काढत होता, हे मी कसं सिद्ध करू? डिझेल आम्ही रोख भरलेलं, ऑपरेटरचा पगार रोख दिलेला. बिल निघता निघता इतके दिवस गेले की आमच्याबरोबरच्या दोघांनी पुढच्या वेळी फोनच उचलायचा नाही असं ठरवलं. मोठा पूर परत आला तर मशिनी असतील पण मालक येणार नाहीत, याची काळजी प्रशासनाने करावी असं मला मनापासून वाटतं.

येत्या 22 जुलैला चिपळूणच्या पुराला पाच वर्षं होतील. त्याआधी 26 जुलै 2005 लाही चिपळूण, महाड बुडालेलंच. वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून चिपळूणच्या लोकांना डिसेंबर 2021 मध्ये साखळी उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा कुठे नदीत मशिनी उतरल्या, नाम फाउंडेशननेही त्यात मदत केली. तेव्हाही प्रश्न तोच होता, काढलेला गाळ ठेवायचा कुठे. काठावर ठेवला तर पहिल्या मोठ्या पावसात तो परत पात्रात, आणि काढायचे पैसे पाण्यात. म्हणजे पुराचा राडारोडा असो की नदीतला गाळ असो, जागा आधी लागते, मशीन नंतर.

आता मे महिन्यात सगळ्या जिल्ह्यांत मान्सूनपूर्व आढावा बैठका होतात. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, निवारा केंद्र कुठल्या शाळेत, हे सगळं त्यात असतं आणि असलंच पाहिजे, माणसं आधी वाचवायची. पण पाणी ओसरल्यावरचं एक पान त्यात जोडायला काय हरकत आहे? नदीच्या निळ्या आणि लाल पूररेषेच्या बाहेरचा, पाण्याच्या विहिरींपासून लांबचा, डंपर जाईल असा रस्ता असलेला एक गट नंबर. तिथपर्यंतच्या लीडसकट मशिनींचे दर, आत्ताच ठरवलेले, ज्या ठेकेदारांना मान्य असतील त्यांच्या सह्या घेतलेले. वजनकाटा कुठला. औषधं आणि विषारी माल कुणी उचलायचा त्या अधिकाऱ्याचं पद. हे सगळं एका कागदावर मावतं, आणि ते करायला नवीन कायदा, नवीन निधी काही लागत नाही, कलेक्टर साहेबांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती प्राधिकरण आहेच.

संपादक साहेब, तुमच्या बातमीदारांचं जाळं गावोगाव आहे. माझी विनंती अशी की कृष्णा, पंचगंगा, वाशिष्ठी, सावित्री काठच्या प्रत्येक नगरपालिकेला आणि महापालिकेला तुमच्या बातमीदाराने जाऊन एवढंच विचारावं, यंदा पूर आला तर राडारोडा टाकायची जागा कुठली, आणि जे उत्तर मिळेल ते गावाच्या नावासकट छापावं. ज्यांनी जागा ठरवलीय त्यांचंही छापा, बाकीच्यांना बघून करता येईल. 1 जूनच्या आत झालं तर बरं, कारण एकदा पाऊस धरला की घाटातून ट्रेलर उतरवणं अवघड होतं आणि साहेब लोकांचे फोनही लागत नाहीत.

आपला विश्वासू,
एक मशिनरी ठेकेदार, तालुका कराड
(नाव आणि पत्ता संपादकांकडे दिला आहे, छापू नये)